भंगारातल्या गाडीने सिग्नल तोडला

नोकरी संपून बरीच वर्षं झाली. खून, दरोडे, दंगली सगळं पाहिलं, आणि त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. पण न वाकणारा उजवा हात माझ्या टेबलावर ठेवून ताठ बसलेल्या त्या मुख्याध्यापिका बाई अजून जशाच्या तशा डोळ्यांपुढे आहेत. या प्रकरणात कुणाचा जीव गेला नाही, की वर्तमानपत्रात मोठा मथळा आला नाही. तरीही माझ्या नोकरीतलं सगळ्यात अभिमानाचं प्रकरण कोणतं असं विचारलंत, तर मी हेच सांगेन. नावं मात्र कुणाचीच लिहीत नाही.

तेव्हा मी पुण्याच्या दक्षिण टोकाच्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. हिंजवडीकडे आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या. तिथल्या कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या ठेकेदारांना गाड्या पुरत नव्हत्या. कुणाचीही, कसलीही गाडी चालत असे. कागद दाखवले की झालं. गाडीखाली वाकून बघायला वेळ कुणाला होता?

मार्च महिन्यात एका विमा कंपनीचा अर्ज माझ्या टेबलावर आला. मजकूर असा, की महापालिकेच्या शाळेतल्या एका मुख्याध्यापिकेने आपली छोटी मोटार अपघातात पूर्ण नष्ट झाल्याचं दाखवून भरपाई मागितली आहे. प्रत्यक्षात ती मोटार शहरात धावते आहे. सबब फसवणुकीचा गुन्हा नोंदवावा.

अपघात माझ्याच हद्दीतला होता. डिसेंबरात एका सकाळी कात्रज घाटाच्या पायथ्याशी वाळूच्या ट्रकचा ब्रेक निकामी झाला आणि तो बाईंच्या मोटारीवर चढला. बाई वाचल्या, पण उजव्या कोपराचा चुरा झाला. ट्रकचालकावर आम्ही आरोपपत्रही पाठवलं होतं. मोटारीचा सांगाडा सोडवून नेल्यावर बाईंनी तो विमा कंपनीच्या सर्व्हेअरने सांगितलेल्या गॅरेजमध्ये ठेवला होता.

बाईंना बोलावलं. वय सत्तावन्न-अठ्ठावन्न, पांढरी सुती साडी, काखेत जाडजूड फाइल. पन्नाशीनंतर गाडी चालवायला शिकलेल्या. विमा कंपनीशी त्यांचा तीन महिने पत्रव्यवहार चालला होता. कंपनी आधी म्हणत होती, गाडी दुरुस्त होईल. मग म्हणाली, होणार नाही, पण गाडी जुनी, म्हणून एवढेच मिळतील. त्यावर बाईंनी लिहिलं होतं, "विमा उतरवताना गाडीची किंमत आपणच ठरवलीत आणि हप्ताही त्याच किमतीवर घेतलात. ट्रक अंगावर आल्यावर ती एकाएकी स्वस्त कशी झाली, हे कळवावे." अशा पत्राला कंपनीकडे उत्तर नसतं. पूर्ण भरपाई मंजूर व्हायच्या बेतात होती.

तेवढ्यात वाहतूक शाखेची नोटीस बाईंच्या घरी आली. आपल्या मोटारीने स्वारगेट चौकात सिग्नल तोडला, दंड भरावा. दुसऱ्या कुणी ती फाडून टाकली असती. बाई पडल्या अस्सल पुणेरी. त्यांनी वाहतूक शाखेला पत्र लिहिलं, "माझी मोटार डिसेंबरपासून भंगारात आहे. तिने सिग्नल कसा तोडला, याचा खुलासा व्हावा." आणि खाली सवयीने टाकलं, "प्रत माहितीसाठी : विमा कंपनी." आपल्याच पायावर धोंडा. कंपनीने माणूस लावून धावणारी गाडी शोधली, तिचा चेसिस क्रमांक पाहिला, आणि तो बाईंच्या गाडीचाच निघाला.

मी विचारलं, "बाई, तुमची गाडी कुठे आहे?"

"गॅरेजमध्ये. चुरा झालेली."

"मग रस्त्यावर धावतेय ती कुणाची?"

"तेच मी पत्रात विचारलंय. वाचलं असेल तर."

"तुम्ही रागवायचं काही कारण नाही."

"कारण तुम्ही आत्ताच दिलंत," बाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्याला धार होती. पकडला गेलेला माणूस अंगावर येतो, असा माझा तोवरचा अनुभव. मी बाईंच्या रागाचा तोच अर्थ लावला.

धावणारी गाडी हिंजवडीच्या एका ठेकेदाराकडून आणून ठाण्याच्या आवारात लावली होती. चालकाने ती जानेवारीत एका दलालाकडून घेतली होती आणि त्याच्याजवळ कागदही होते. माझा फौजदार गॅरेजमध्ये जाऊन सांगाडा बघून आला. "साहेब, चेसिस नंबराच्या जागी पत्र्याला भोक आहे. गॅरेजवाला म्हणतो, आलाच तसा." म्हणजे धावणाऱ्या गाडीवर बाईंचा नंबर, आणि बाई ज्याला आपली गाडी म्हणतात त्या सांगाड्यावर नंबरच नाही. अपघाताचे मूळ कागद ट्रकचालकाच्या खटल्यात कोर्टात गेले होते. ठाण्यातली कार्बन प्रत मी चाळली, तिच्यातला नंबर कागदांवरून उतरवलेला असणार, अपघात दुसऱ्याच गाडीला झाला आणि बाईंनी कागद आपल्या गाडीचे दाखवले, असं धरलं, आणि खुर्चीतून न उठता विमा कंपनीला प्राथमिक अहवाल दिला : "अर्जातील मजकुरात प्रथमदर्शनी तथ्य दिसून येते. पुढील तपास चालू आहे." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

आठवड्याभरात बाई परत आल्या. कंपनीने माझी ती ओळ अवतरणात देऊन दावा नामंजूर केला होता. पत्र माझ्यासमोर ठेवून त्यांनी ओळीवर बोट टेकवलं.

"ही तुमची?"

"हो."

"मी मेअखेर निवृत्त होतेय. फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला तर पेन्शन अडेल. अडू दे, काढीन कसेबसे दिवस. पण सदतीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगत आलेय. त्यांच्यासमोर उद्या कुठल्या तोंडाने उभी राहू?"

बाई पुढे म्हणाल्या, "शाळेत एखाद्याने दुसऱ्याची वही चोरली अशी तक्रार आली, तर मी आधी दोघांना वही दाखवते. तुम्ही मला ती गाडी दाखवलीत का?"

दाखवली नव्हती. एवढी साधी गोष्ट. मी उठलो.

आवारात गेलो. सोबत फौजदार आणि एक शिपाई. बाईंनी गाडीला एक फेरी मारली. रंग पांढरा, त्यांच्या गाडीसारखाच, पण नवा दिलेला.

"माझी नाही."

"कशावरून?"

"माझी मला कळते."

हा काही पुरावा नव्हता. मी डिकी उघडायला सांगितली. स्टेपनीच्या खाली गोणपाटात गुंडाळलेला जॅक होता. शिपायाने गोणपाट उलगडलं, तर जॅकवर हळदकुंकवाची पुटं. खाली काळपट पडलेली, वर त्यातल्या त्यात ताजी. एका ओळीत पाच बोटं, शेजारच्या पान्यावरही तशीच पाच.

मला हे ओळखीचं होतं. खंडेनवमीला आमच्या ठाण्यातही शस्त्रपूजन व्हायचं. बंदुकांना, काठ्यांना, बेड्यांना कुंकू लागायचं. आमचे मोहरीर, म्हणजे ठाण्याचे कारकून, तर कागद टोचायच्या यंत्रालाही सोडत नसत. मी मनात खूश झालो. आता बाई सापडल्या, असं वाटलं.

"बघा बाई," मी म्हणालो, "ही पूजा एका वर्षाची नाही, चार-पाच दसऱ्यांची आहे. आत्ताच्या चालकाकडे गाडी जानेवारीत आली. मधे दसरा नाही. म्हणजे पूजा मूळ मालकाची. आता काय म्हणता?"

बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "साहेब, माझ्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तीही दसऱ्याच्याच दिवशी. तेव्हापासून आमच्या घरात हळदकुंकू नाही. दसऱ्याला आम्ही विहारात असतो. मी जॅकची पूजा कशाला करीन?"

मागे शिपाई उगाचच खाकरला. फौजदार पुटपुटला, "साहेब, जबाबाला गेलो तेव्हा यांच्या घरी बुद्धाची तसबीर होती." मी त्याला विचारलंच नव्हतं. सगळी घरं आपल्या घरासारखी, असं मी धरून चाललो होतो. पूजा मूळ मालकाची हे माझंच म्हणणं, आणि बाईंच्या घरी पूजा होतच नव्हती. म्हणजे ती गाडी बाईंची नव्हती. माझाच तर्क माझ्या गळ्यात आला होता. मला इतकी लाज वाटली, की मी डिकीचं झाकण स्वतःच लावलं आणि बाईंना आत येऊन बसायची विनंती केली.

पण पोलिसाला पटणं वेगळं आणि कागदावर सिद्ध होणं वेगळं. बाई पूजा करत नाहीत, हा त्यांचाच शब्द. विमा कंपनी त्यावर हसली असती.

अपघाताचा पंचनामा केला होता आमच्या एका वयस्क हवालदाराने. शहराच्या हद्दीत नव्याने सामील झालेल्या एका गावचा, शेतकरी घरातला माणूस. मुलीच्या लग्नासाठी तो रजेवर होता. तो हजर झाल्या दिवशी मी त्याला विचारलं, "त्या पंचनाम्यात चेसिस नंबर लिहिलाय. तो तू डोळ्यांनी पाहिलास, की कागदावरनं उतरवलास?" दहांतले नऊजण कागदावरून उतरवतात, हे मला ठाऊक होतं.

हवालदाराला हा प्रश्न फारसा आवडला नाही. "पाह्यला म्हंजे? ठसा घेतलेला हाय साहेब. नंबरावर पातळ कागद धरायचा आन् वरनं पेन्सिल घासायची. मी परत्येक गाडीचा घेतो. पंचांच्या सह्याबी हायती त्याच्यावर."

"मग कार्बन प्रतीत का नाही?"

"पेन्सिलीचा कार्बन कसा निघंल? मूळ कागदाला टाचलाय. कोर्टात."

या सवयीपायी सगळं ठाणं त्याला चित्रकार म्हणून चिडवायचं. त्यात मीही होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी माझी गत झाली होती. कोर्टाची परवानगी काढून आम्ही तो ठसा पाहिला. तिसऱ्या आकड्याशेजारी छिन्नी निसटल्यासारखा एक तिरका ओरखडा होता. आवारातल्या गाडीवरच्या नंबराशेजारी तोच ओरखडा, त्याच जागी. मग आरटीओच्या निरीक्षकांना बोलावलं. त्यांनी रंग खरवडला, तर नंबराच्या पट्टीभोवती चारी बाजूंनी वेल्डिंग निघालं. अपघाताच्या दिवशी जी पट्टी बाईंच्या चुरा झालेल्या गाडीवर होती, ती कुणीतरी कापून दुसऱ्या गाडीला जोडली होती.

मग ही दुसरी गाडी कुणाची? त्याच बनावटीच्या, त्या सुमारास चोरीला गेलेल्या मोटारींच्या तक्रारी काढल्या. तिसरे तक्रारदार कसबा पेठेतले तांब्याची भांडी घडवणारे कारागीर निघाले. त्यांनी जॅक हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाले, "हा आमचाच." फौजदार त्यांच्या दुकानात जाऊन आला. भिंतीला लावलेल्या एकूण एक हातोड्यावर कुंकवाची पाच बोटं, एका ओळीत. त्यांच्या घरात हत्यार म्हणजे हत्यार, मग ते गाडीतलं का असेना. गृहस्थांनी जपून ठेवलेली दुसरी किल्लीही आणली होती. ती गाडीला लागली आणि इंजिन सुरू झालं. चोराने रंग, कागद, नंबर सगळं बदललं होतं. कुलूप बदलायचा खर्च वाचवला होता.

गॅरेजमालकाला ठाण्यात आणलं. माणूस गोड. बसायच्या आधीच सांगू लागला, की पंचवीस वर्षं धंद्यात आहे, मोठमोठ्या लोकांच्या गाड्या आपल्याकडे येतात, गणेशोत्सवात वर्गणी पहिली आपली. मी त्याला बोलू दिलं. निर्दोष माणूस घटनेबद्दल बोलतो, दोषी आपल्या प्रतिष्ठेबद्दल, हे मी त्या प्रकरणात शिकलो. बाईंनी मला एकदाही त्यांच्या आदर्श कामाचे दाखले ऐकवले नव्हते.

त्याचं संपल्यावर मी ठसा टेबलावर ठेवला. "अपघाताच्या दिवशी ही पट्टी बाईंच्या गाडीवर होती. दोन पंचांच्या सह्या आहेत. नंतर गाडी थेट तुझ्याकडे आली. पट्टी कुठे गेली?"

आधी तो म्हणाला कामगारांनी केलं असेल, मग म्हणाला उंदीर-घुशी फार आहेत. घुशी वेल्डिंगसुद्धा करतात का, असं हवालदाराने दारातून विचारलं, तेव्हा मात्र त्याचा चेहरा उतरला. पाणी मागितलं, आणि सगळं सांगितलं. नष्ट झालेल्या गाड्या त्याच्याकडे महिनोन्‌महिने पडून असत. त्यांच्या नंबराच्या पट्ट्या कापून आणि कागदांच्या नकला काढून तो त्या गाड्या चोरणाऱ्या दलालाला देई. मालक थकून मिळेल ती भरपाई घेत आणि सांगाडा सोडून देत; मग विचारायला कुणी उरतच नसे. बाई मात्र पुऱ्या भरपाईसाठी अडून बसल्या, सांगाडा जागचा हलू दिला नाही, आणि त्याच त्याला नडल्या. दलाल सापडला. त्याच्याकडून आणखी पाच चोरीच्या गाड्या मिळाल्या. आयुक्तांनी आम्हाला बक्षीस जाहीर केलं.

बक्षिसाच्या गडबडीत माझ्या मनात एकच गोष्ट ठसठसत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला मी निघालो होतो, आणि तो फास कंपनीच्या फाइलमध्ये अजून तसाच होता. बाईंचा दावा माझ्या एका ओळीवर अडला होता. मी दुसरा अहवाल लिहायला घेतला. तो पाहून सहायक आयुक्त म्हणाले, "आरोपपत्रात सगळं येईलच की. आपल्या हाताने आपली चूक लिहून कशाला देतोस? उद्या कुणी कोर्टात दाखवेल."

"साहेब, खटला चालेल वर्षानुवर्षं. बाई मेअखेर निवृत्त होतायत."

ते म्हणाले, "तुझी मर्जी." मी लिहिलं : "माझ्या पूर्वीच्या अहवालातील मत मी वाहन प्रत्यक्ष न तपासता दिले होते. ते चुकीचे होते. सदर बाईंनी कोणतीही फसवणूक केलेली नाही. त्यांची मोटार अपघातात पूर्णपणे नष्ट झाली, हे पुराव्याने सिद्ध होत आहे." खाली पूर्ण सही केली. अशी सही करताना हात जड होतो, खोटं कशाला सांगू?

कंपनीचा तरुण अधिकारी तरीही तडजोड घेऊन आला. सांगाड्यावरची पट्टी गेल्यामुळे कागद अपुरे आहेत, तेव्हा पाऊण रक्कम घ्या, असं त्याने माझ्यासमोरच बाईंना सुचवलं.

"गॅरेज कुणी सुचवलं होतं?" बाईंनी विचारलं.

"आमच्या सर्व्हेअरने, पण—"

"मग पट्टी हरवली तुमच्याकडून. पूर्ण भरपाई द्या. आणि माझ्यावर फसवणुकीचा आरोप केलात, तो मागे घेतल्याचं पत्र वेगळं द्या. रक्कम आली आणि पत्र आलं नाही, तर रक्कम परत करीन."

"मॅडम, रक्कम कुणी परत करतं का?"

"मी करते," बाई म्हणाल्या. त्याने आशेने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात बाई ठाण्यात आल्या. विमा उतरवलेल्या किमतीची पुरी भरपाई आली होती, आणि आरोप मागे घेत असल्याचं, दिलगिरीचं पत्रही. ते त्यांनी मला वाचायला दिलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "बाई, सुरुवातीला मी तुमच्याशी चुकीचं वागलो. मनापासून माफी मागतो." ठाणं भरलेलं होतं आणि सगळे ऐकत होते, याचं मला काही वाटलं नाही.

आम्ही पोलीस रोज कुणावर ना कुणावर संशय घेतो. तो आमच्या कामाचा भाग आहे आणि तो घेऊच नये असं मी म्हणणार नाही. पण संशय कागदावर उतरला की तो आमच्या टेबलावरून उठून त्या माणसाच्या घरी राहायला जातो. त्याला परत आणणं हेही आमचंच काम आहे, हे मला बाईंनी शिकवलं. पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक फौजदाराला मी ते सांगितलं. काहींनी ऐकलंही.

बाईंनी माझ्या माफीवर मान हलवली. मग दाराशी उभ्या असलेल्या हवालदाराकडे वळून म्हणाल्या, "हवालदार, तुम्ही माझ्या वर्गात असतात तर पहिला नंबर तुमचा."

हवालदाराने टोपी काढून हातात घेतली.

मी धीर करून विचारलं, "आणि माझा?"

बाईंनी फाइल बंद केली, काखेत धरली, आणि मला वरपासून खालपर्यंत एकदा पाहून घेतलं.

"दुसरा," त्या म्हणाल्या. "चूक स्वतः खोडून पुन्हा लिहिलीत म्हणून. नाहीतर नापासच होतात."

पुढे मला पदकही मिळालं. ते घरात कुठल्या कपाटात आहे ते बायकोला ठाऊक. त्या दुसऱ्या नंबराचं मात्र मी अजून भेटेल त्याला सांगत असतो.